एकांत असावा, बुद्धी रिकामी नसावी

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥

भक्तजनहो, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या निमित्तानं आपण दत्तमहाराजांच्या चरणाशी जमलो आहोत. सप्ताहाची पारायणं पूर्ण झाली. संध्याकाळी पाळणा होईल, सुंठवडा वाटला जाईल, 'दिगंबरा'च्या गजरानं मंडप भरून जाईल. हे सगळं आनंदाचंच आहे. पण उत्सव संपवून घरी गेल्यावर ज्यांना कुलूप स्वतःच उघडावं लागतं आणि दिवाही स्वतःच लावावा लागतो, अशीही पुष्कळ मंडळी आपल्यात आहेत. मुलं पुण्याला, बंगळूरला, कुणाची परदेशात. जोडीदार पुढे निघून गेलेला. पेन्शन आहे, औषधं आहेत, डब्यात पीठ आहे, पण दिवसभरात बोलायला कारण नाही. अशा माणसाच्या मनात एक भीती हळूच येऊन बसते. 'गॅस बंद केला की नाही, आठवत नाही. समोरच्या वहिनींचं नाव जिभेवर येईना. माझी बुद्धी तर जायला लागली नाही ना?' ही भीती कुणी उघड बोलत नाही. देवापुढे मात्र रोज बोलली जाते. आज तिच्याविषयीच चार शब्द बोलू.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. नाथमहाराजांनी याच स्कंधावर विस्तारानं मराठी टीका लिहिली, तो आपला एकनाथी भागवत ग्रंथ. यदुराजाला वाटेत एक तरुण अवधूत भेटतो. घर नाही, बायकामुलं नाहीत, जवळ काही नाही, बरोबर कुणी नाही. राजा त्याला विचारतो, 'महाराज, सगळं जग काम आणि लोभाच्या वणव्यात होरपळतं आहे. तुम्ही मात्र गंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या हत्तीसारखे शांत दिसता. तुम्ही एकटे आहात, तरीही आनंदात. हे कसं?'

बघा, राजानं नेमका आपलाच प्रश्न विचारला आहे. एकटा माणूस आनंदी कसा?

अवधूतानं काय उत्तर दिलं? 'मी हिमालयात बसून डोळे मिटले' असं तो म्हणाला नाही. 'मला पुष्कळ गुरू आहेत,' असं म्हणाला, आणि ते गुरू आपण आपल्या बुद्धीनं स्वीकारले, असंही सांगितलं. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, असे चोवीस गुरू. मधमाशीनं येऊन त्याला उपदेश केला नाही. अजगरानं मंत्र दिला नाही. हा चालत होता, पाहत होता, पाहिलेल्याचा विचार करत होता, एकाची दुसऱ्याशी तुलना करत होता, आणि त्यातून काय घ्यायचं, काय टाकायचं हे ठरवत होता. त्याच्याजवळ माणूस नव्हतं, पण बुद्धीला सुट्टी नव्हती. एकटेपणात आनंद टिकण्याचं कारण त्यानं स्वतःच सांगून ठेवलं आहे.

आता या चोवीसांतले दोन गुरू जवळून पाहू.

पहिली कुमारी. घरी आईवडील नाहीत आणि तिला पाहायला पाहुणे येतात. पाहुण्यांच्या जेवणासाठी ती आत जाऊन साळी कांडायला बसते. मुसळ वरखाली होताना हातातल्या बांगड्या वाजतात. बाहेर आवाज गेला तर घरातली गरिबी कळेल, म्हणून ती बांगड्या उतरवते, दोन दोन ठेवते. दोनही वाजतात. मग हातात एकेकच ठेवते, आणि आवाज थांबतो. अवधूत म्हणतो, पुष्कळजण एकत्र आले की कलह होतो, दोघे आले तरी गप्पा होतात, म्हणून एकटं असावं.

हा दृष्टांत आपण इथवरच ऐकतो आणि थांबतो. 'देवानंच एकटं राहायला सांगितलंय,' असं म्हणून स्वतःची समजूतही घालतो. पण मंडळी, ती मुलगी काय करत होती ते विसरू नका. ती कांडत होती. कुणासाठी? ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांसाठी. तिचा एकांत कामाचा होता, आणि ते काम माणसांसाठी होतं. बांगडी एकच राहिली, पण मुसळ थांबलं नाही आणि पाहुणे उपाशी गेले नाहीत.

दुसरा गुरू बाण घडवणारा कारागीर. बाणाचं टोक सरळ करण्यात तो इतका गढून गेला होता की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. आपण हा दृष्टांत ध्यानासाठी वापरतो, आणि ते योग्यच आहे. पण तो माणूस ध्यानाला बसला नव्हता, धंदा करत होता. बाण किंचित वाकडा राहिला तर वाया जातो. दर क्षणी नजर, हात आणि अंदाज एकत्र लावावे लागतात. अवघड कामानंच त्याचं चित्त एकाग्र केलं होतं.

तेव्हा एकांत वेगळा आणि एकाकीपण वेगळं. एकांतात माणूस एकटा असतो, पण त्याच्या बुद्धीला काम असतं आणि त्या कामाचा कुणाशी तरी धागा असतो. एकाकीपणात घर माणसांनी भरलेलं असलं तरी आतून वाटत राहतं, 'माझं कुणाला काम नाही.'

शास्त्राचा हेतू मोक्ष आहे आणि वैद्यकाचा हेतू आरोग्य. दोघांची सरमिसळ करू नये. तरी डॉक्टर मंडळींनी या बाबतीत काय पाहिलं आहे, ते ऐकण्यासारखं आहे.

आपल्या देशात साठीच्या पुढच्या माणसांची मोठी पाहणी झाली. तिच्यावरून असा अंदाज निघाला की त्यांतल्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे डिमेन्शियाचा आजार आहे. देशभरात हा आकडा ८८ लाखांच्या आसपास जातो. म्हणजे तुमची भीती खोटी नाही. पण दुसरी बाजूही ऐका. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळानं २०२४ साली अशा १४ गोष्टी सांगितल्या, ज्या सांभाळल्या तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता येईल किंवा लांबवता येईल. त्यांत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, तंबाखू-विडी आहे, कमी ऐकू येणं आहे, दृष्टीची हेळसांड आहे, व्यायामाचा अभाव आहे, औदासीन्य आहे, लहानपणी शिक्षण कमी मिळणं आहे. आणि माणसांपासून तुटणंही आहे.

शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी ८२३ वृद्धांना काही वर्षं पाहिलं आणि २००७ साली ते प्रसिद्ध केलं. ज्यांना मनातून फार एकाकी वाटत होतं, त्यांच्यात अल्झायमरचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त दिसला. किती माणसं भेटतात यापेक्षा आत काय वाटतं, हे इथे बोलत होतं. अवधूत आणि एकाकी माणूस यांतला फरक म्हटलं ना, तो इथेही दिसतो.

आणखी एक गोष्ट फार सुंदर आहे. अमेरिकेत ख्रिस्ती जोगिणींचा एक संघ आहे, 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम'. डेव्हिड स्नोडन नावाच्या शास्त्रज्ञानं १९८६ साली त्यांच्यात एक अभ्यास सुरू केला. ७५ वर्षं आणि त्यापुढच्या ६७८ जोगिणी त्यात आल्या. दरवर्षी बुद्धीच्या चाचण्या द्यायच्या, आणि मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासाला द्यायचा, हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडचं देहदानच म्हणा. त्यांतल्या सिस्टर मेरी शंभरी ओलांडून गेल्या. शेवटपर्यंत त्यांच्या चाचण्या चांगल्या होत्या. मेंदू तपासला तेव्हा मात्र त्यात अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या. आजार आत होता, पण बाहेर बाई शहाण्यासारख्या वागत-बोलत होत्या. हे कसं?

याला डॉक्टर जे म्हणतात, त्याला मी आपल्या घरगुती भाषेत 'बुद्धीची बेगमी' म्हणतो. उन्हाळ्यात आपल्या आज्या पापड, कुरडया, डाळी, सरपण भरून ठेवायच्या. पाऊस त्यामुळे थांबत नसे. पण चार महिने पाऊस कोसळला तरी चूल विझत नसे. तसंच हे. आयुष्यभर ज्यानं डोक्याला काम दिलं, त्याच्या मेंदूत एका गावाला जायला चार वाटा तयार होतात. एक वाट बंद पडली तर तो दुसरीनं जातो. ज्याची एकच वाट, त्याचं एका दरडीनं सगळं अडतं. या जोगिणींपैकी पुष्कळजणी उतारवयापर्यंत शिकवत होत्या. त्यांचा संसार नव्हता, पण त्या एकत्र राहत, एकत्र प्रार्थना करत, एकमेकींची काळजी घेत. एकट्या होत्या, एकाकी नव्हत्या.

मेल्विन कोहन आणि कार्मी स्कूलर या समाजशास्त्रज्ञांनी माणसांच्या नोकरी-धंद्याचा अभ्यास केला. ज्या कामात स्वतः निर्णय घ्यावा लागतो, अडचण सोडवावी लागते, त्या कामानं बुद्धी लवचीक राहते, असं त्यांना दिसलं. आता 'डोक्याचं काम' म्हटलं की आपल्याला वकील आणि प्राध्यापक आठवतात. मला तुमची आई आठवते. पन्नास माणसांच्या कार्याला किती डाळ लागेल हे ती कागदाशिवाय सांगायची. कुणाची तिथी कधी, कुणाकडे कुठला कुळाचार, कुणाला कांदा चालत नाही, कुणाच्या लग्नात आपण काय आहेर केला होता, हे सगळं तिच्या डोक्यात. एसटीच्या स्थानकावर गाडी बिघडली की दुसरी कुठून फिरवायची हे ठरवणारा वाहतूक नियंत्रक, सातबाऱ्याच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी लावणारा तलाठी, मागावर नवीन किनार उतरवणारा विणकर, ही सगळी बाण घडवणारी माणसं. यांनी आयुष्यभर बेगमी केलेली आहे.

आणि मग एक दिवस काय होतं? निवृत्तीचा नारळ हातात येतो. किंवा सूनबाई प्रेमानं म्हणते, 'आई, तुम्ही आता काही करायचं नाही. बसा, आराम करा.' मुलगा म्हणतो, 'बाबा, बँकेचं मी मोबाईलवरून बघतो, तुम्ही डोक्याला त्रास करून घेऊ नका.' दोघांचा हेतू सोन्यासारखा आहे. पण ज्या आईनं चाळीस वर्षं घराचा हिशोब चालवला, तिच्या हातात आता फक्त टीव्हीचा रिमोट राहतो. जे काम तिला माणसांशी जोडत होतं तेही गेलं आणि जे काम डोकं चालवत होतं तेही गेलं. वाणी तिला विचारायचा, आता मुलाला विचारतो. नणंद तिथी विचारायला फोन करायची, आता दिनदर्शिकेत बघते. काम सुटलं की माणूसही सुटतं, ते असं.

म्हणून मुलामुलींना आणि सुनांना हात जोडून सांगणं आहे. आईवडिलांची सेवा करा, जड ओझं उचलू देऊ नका, शिडीवर चढू देऊ नका. पण हातातलं डोक्याचं काम काढून घेऊ नका. वेळ लागेल, एखादा आकडा चुकेल, चुकू द्या. 'यंदा दिवाळीच्या फराळाला सामान किती आणायचं, आई, तूच यादी कर,' एवढं फोनवरून सांगा आणि तिच्या यादीप्रमाणेच आणा. परदेशातून दर रविवारी 'जेवलीस का, औषध घेतलंस का' हे दोनच प्रश्न विचारले तर आईचं उत्तरही 'हो' एवढंच येणार. तिच्याकडून काही शिकायला मागा. लोणच्याचं प्रमाण विचारा, घराण्याची वंशावळ लिहून मागा, नातवाला श्रीपादप्रभूंची गोष्ट रोज थोडी थोडी सांगायला लावा आणि मधेच थांबायला सांगा, म्हणजे उद्या नातूच विचारेल, 'आजी, पुढे काय झालं?' त्या प्रश्नासाठी आजी रात्री पुढचा भाग मनात जुळवेल. हेच तिचं औषध.

आता आपल्याकडे, म्हणजे ज्येष्ठांकडे वळू. आपण म्हणाल, 'आम्ही तर पारायण करतो, जप करतो. एवढं पुरे नाही का?' जपाची थोरवी मी काय सांगावी! जपानं मन निवतं, श्वास संथ होतो, नामाचं पुण्य पदरी पडतं. पण आजचा विषय बुद्धीच्या व्यायामाचा आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. गुरुचरित्राच्या सात हजारांवर ओव्या आहेत. वीस वर्षं वाचून त्या तोंडात इतक्या बसलेल्या असतात की जीभ वाचते आणि मन बाजारात फिरून येतं. अध्याय पूर्ण होतो, पण त्यात काय झालं ते विचारलं तर सांगता येत नाही. जे सवयीनं होतं त्यानं बुद्धीला ताण पडत नाही. बाण घडवणाऱ्याचं चित्त जिथे गुंतलं होतं, तिथे आपलं गुंतत नाही.

मुळात गुरुचरित्राची मांडणी कशी आहे ते बघा. नामधारक थकलेला, खचलेला, गुरुदर्शनाच्या ओढीनं घर सोडून निघालेला असा एकटा माणूस आहे. त्याला सिद्धमुनी भेटतात. पुढचा सगळा ग्रंथ या दोघांच्या बोलण्यातून उलगडतो. नामधारक नुसतं ऐकून घेत नाही. तो विचारतो, पुढे काय झालं, असं का झालं, मला विस्तारानं सांगा. एका एकट्या, दुःखी माणसाला गुरूंनी बोलायला सोबती दिला आणि विचार करायला विषय दिला, तेव्हा आपल्या हातात हा ग्रंथ आला. तो एकट्यानं भराभर वाचून कपाटात ठेवण्यासाठी नाही. नामधारकासारखे प्रश्न पडले पाहिजेत.

या बाबतीत आपल्या परंपरेत डोळ्यांसमोर ठेवावं असं चरित्र प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचं आहे. सावंतवाडीजवळच्या माणगावी १८५४ साली त्यांचा जन्म झाला. १८९१ साली पत्नीचं निधन झाल्यावर त्यांनी संन्यास घेतला. मग दंड, कमंडलू आणि पायी प्रवास. कुठेही मठ बांधून राहिले नाहीत. १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. बाहेरून पाहिलं तर विधुर, निःसंग, त्यातून पोटाच्या दुखण्यानं गांजलेला देह. मन खचायला कारणं कमी नव्हती. पण त्यांच्या बुद्धीचं काम पाहिलं की थक्क व्हायला होतं. संस्कृतात 'दत्तपुराण' आणि 'द्विसाहस्री गुरुचरित्र', मराठीत 'दत्तमाहात्म्य', शिवाय कितीतरी स्तोत्रं. 'सप्तशती गुरुचरित्र सार' या मराठी ग्रंथात तर ओव्यांतली ठरावीक अक्षरं ओळीनं जुळवत गेलं की गीतेचा पंधरावा अध्याय उमटतो. कथा बिघडू द्यायची नाही, ओवी मोडू द्यायची नाही, आणि गीतेचं अक्षर नेमक्या जागी बसवायचं. हे बाण घडवणंच झालं! आणि हे सगळं कुणासाठी? येणाऱ्या पीडितांसाठी, साधकांसाठी. त्यांच्याकडे माणसं अडचणी घेऊन येत आणि महाराज त्यांना उपासना सांगत. कुमारीच्या हातात बांगडी एकच, पण ओसरीवर पाहुणे होतेच.

आणि स्वतः दत्तमहाराज? परंपरा सांगते, त्यांचं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरगडावर. त्रैलोक्याच्या स्वामीला भिक्षेची काय गरज? पण रोज दुपारी ते कुणाच्या तरी दारात उभे राहतात. साक्षात अवधूतसुद्धा दिवसातून एकदा माणसांच्या दारात जातो. मग आपण दार लावून का बसावं?

तेव्हा या दत्तजयंतीला, झेपेल तेवढाच, एक नेम धरू या.

पारायण चालू ठेवा, पण आठवड्यातून एक अध्याय नामधारक होऊन वाचा. पोथी मिटा आणि कथा स्वतःच्या शब्दांत सांगा. ऐकायला शेजारीण असो, फोनवरची बहीण असो. कुणीच नसेल तर वहीत लिहा, आणि पुढच्या गुरुवारी देवळात वाचून दाखवा.

वर्षातून एखादी गोष्ट अगदी नवी शिका. न येणारं स्तोत्र पाठ करा. पेटी शिका, मृदंगाचा ठेका शिका, मोडी लिपी शिका, मोबाईलवरून वीजबिल भरायला शिका. चुकेल, कंटाळा येईल. जिथे थोडं अडखळायला होतं, तिथेच बुद्धी कामाला लागते, हे ध्यानात ठेवा.

देवस्थानच्या विश्वस्तांनाही विनंती आहे. ज्येष्ठांना नुसतं खुर्चीत बसवून शाल-श्रीफळ देऊ नका, त्यांना काम द्या. महाप्रसादाच्या शिध्याचा अंदाज निवृत्त मंडळींना काढू द्या. अभिषेकाच्या नोंदी, सप्ताहाच्या वाचकांची पाळी लावणं, मुलांना करुणात्रिपदी शिकवणं, ही कामं वाटून द्या. आणि एक वही ठेवा. नेहमी येणारे आजोबा दोन गुरुवार दिसले नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन 'श्रीगुरुदेव दत्त' म्हणावं. एवढंही काम एखाद्या ज्येष्ठाकडेच द्यावं.

कान आणि डोळे तपासून घ्या. कमी ऐकू येणारा माणूस बैठकीत हसतो पण बोलत नाही, मग हळूहळू बैठकीलाच येत नाही. श्रवणयंत्र लावण्यात कसली लाज? श्रवणभक्ती ही नवविधा भक्तीतली पहिली. आणि विसरणं वाढलं असं वाटलं तर अंगारा जरूर लावा, पण डॉक्टरांकडेही जा. शाकाहारी मंडळींत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळदा आढळते. त्यानं, थायरॉइडच्या दोषानं, औदासीन्यानं, कधी एखाद्या औषधानंही विसराळूपणा येतो, आणि वेळेवर गेलं तर तो बराही होतो.

आता जे सांगायला मला सर्वांत जड जातं, तेही सांगितलं पाहिजे. इतकं सगळं करूनही काहींना हा आजार होतो. मोठमोठ्या विद्वानांना होतो, तीन तपं नित्यनेम करणाऱ्या उपासकांना होतो. बेगमी असली तरी पावसाळा फार लांबला तर ती सरते. अशा वेळी 'उपासनेत काहीतरी कमी पडलं असेल' असं शेजाऱ्यांनी म्हणू नये, आणि घरच्यांनी मनात आणू नये. हा देहाचा आजार आहे, कर्माचा हिशोब मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही. अशा माणसाला 'सांग बघू, मी कोण?' असं विचारून त्याची परीक्षा घेऊ नका. आपणच नाव सांगावं, 'काका, मी अमक्याचा मुलगा, पाया पडायला आलोय.' आणि त्याला आरतीला आणा. कित्येकांना लेकाचं नाव आठवत नाही, पण आरती सुरू झाली की हात टाळ्या वाजवू लागतात आणि ओठ ओळीत मिळतात. लहानपणापासून रुजलेलं फार खोल असतं. त्या वेळी तो आपल्यातलाच एक असतो, आणि त्याची जागा पहिल्या रांगेत असली पाहिजे.

गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायात नरहरीची कथा आहे. अंगावर कोड, त्यामुळे लोक टाळत. माणसांतून उठलेला असा हा माणूस श्रीगुरूंकडे गाणगापुरी येतो. श्रीगुरू त्याला औदुंबराचं एक वाळलेलं लाकूड देतात, संगमाकाठी रोवायला सांगतात आणि त्रिकाळ पाणी घालायला सांगतात. लोक हसतात. 'वाळक्या लाकडाला पाणी घालून कधी पालवी फुटते का?' नरहरी खाणंपिणं विसरून पाणी घालत राहतो. पुढे श्रीगुरू येतात, कमंडलूतलं तीर्थ शिंपडतात, लाकडाला पालवी फुटते आणि नरहरीची कायाही उजळते.

चमत्कार श्रीगुरूंचा. त्यांच्या हातातल्या गोष्टीचा हिशोब आपण करू नये. पण नरहरीच्या हातात काय होतं तेवढं पाहू. एकट्या पडलेल्या माणसाला श्रीगुरूंनी आधी काम दिलं. रोज तीन वेळा नदीवर जायचं, घागर भरायची, नेम चुकवायचा नाही, लोक हसले तरी सोडायचं नाही. आणि तो हे करत होता म्हणून गावकऱ्यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं, ते त्याच्याशी बोलले, त्यांनी जाऊन श्रीगुरूंना त्याच्याविषयी सांगितलं. ज्याला सगळे टाळत होते त्याची दखल घेतली गेली. कृपा व्हायची ती त्यानंतर झाली.

आपल्यातल्या प्रत्येकाजवळ असं एखादं वाळकं लाकूड आहे. सोडून दिलेली पेटी, अर्धवट राहिलेली वंशावळ, कधीतरी पाठ करायचं म्हणून ठेवलेलं स्तोत्र, न बोलून दुरावलेली बहीण. उद्या सकाळी त्याला एक तांब्या पाणी घालू या. परवा पुन्हा घालू या.

दत्तात्रेय प्रभो, आमचा हा देह थकेल तेव्हा थकेल. पण जोवर बुद्धीत बळ आहे तोवर तिला तुझ्या आणि तुझ्या माणसांच्या कामाला लाव. एकांत दे, एकाकीपण देऊ नकोस. आणि स्मृती मावळलीच, तर तू आम्हाला विसरू नकोस, एवढंच मागणं.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥